पहिली टर्म आणि क्रिटिकल इलनेस पॉलिसी घेताय? आजारांचा आकडा सोडा, व्याख्या वाचा

दक्षिण आफ्रिकेत ६ ऑक्टोबर १९८३ रोजी एक नवीच पॉलिसी विक्रीला आली. विमेदार गेल्यावर वारसांना पैसे देणारी नव्हे, तर मोठा आजार होऊनही तो जगला तर त्याच्याच हातात पैसे ठेवणारी. कल्पना डॉ. मारियस बर्नार्ड या हृदयशल्यविशारदांची. १९६७ साली केपटाऊनमध्ये माणसाचं पहिलं हृदय-प्रत्यारोपण करणाऱ्या डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांचे हे धाकटे भाऊ. त्या शस्त्रक्रियेच्या चमूतही ते होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं: आम्ही डॉक्टर माणूस वाचवतो, पण वाचलेल्या माणसाचं घर पैशांअभावी बसतं. पहिल्या पॉलिसीत चारच गोष्टी होत्या: हार्ट अटॅक, कॅन्सर, पक्षाघात आणि बायपास.

आज आपल्याकडच्या माहितीपत्रकांवर तीस, चाळीस, साठ आजारांचे आकडे झळकतात आणि नवखा माणूस त्या आकड्यावर भुलतो. पण तुम्ही आजाराचं नाव विकत घेत नाही, त्याची लेखी व्याख्या विकत घेता. व्याख्या कागदावर जशी आहे तशीच राहते. निदानाची यंत्रं, औषधं आणि शस्त्रक्रियेच्या पद्धती मात्र बदलत जातात. या दोहोंतलं अंतर वाढलं की क्लेमच्या वेळी भांडण ठरलेलं. म्हणून हा लेख पॉलिसी कुठली घ्यावी हे सांगत नाही; कशी वाचावी आणि कशी घ्यावी, ते पायरीपायरीनं सांगतो.

पायरी १ : तीन विमे, तीन कामं

टर्म इन्शुरन्स तुम्ही गेल्यावर घरच्यांना रक्कम देतो. मेडिक्लेम हॉस्पिटलचं बिल भागवतो. क्रिटिकल इलनेस पॉलिसी, किंवा टर्मला जोडलेला तसा रायडर (मूळ पॉलिसीला जादा हप्ता भरून जोडलेलं संरक्षण), ठरलेल्या आजाराचं व्याख्येत बसणारं निदान झालं की एकरकमी पैसे देते. बिल दाखवायची गरज नसते. ते पैसे औषधाला लावा, घराच्या हप्त्याला लावा किंवा मुलीच्या फीला, विचारणारं कोणी नाही.

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आता सर्व रेशनकार्डधारकांना आहे, आणि गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. दोन्ही मोलाच्या. पण त्या हॉस्पिटलला पैसे देतात, तुम्हाला नाही. गावाहून परळला टाटा हॉस्पिटलमध्ये उपचाराला आलेल्या माणसाची खोली, दोघांचं जेवण, सोबतच्याची बुडालेली मजुरी किंवा बिनपगारी रजा यांचा हिशेब त्यात कुठेच येत नाही. तो खड्डा भरायला ही तिसरी पॉलिसी.

क्रम मात्र पाळा. आधी मेडिक्लेम, घरात कोणी तुमच्या कमाईवर अवलंबून असेल तर लगेच टर्म, आणि मग क्रिटिकल इलनेस. मेडिक्लेम नसताना ही पॉलिसी घेतलीत तर तिचे पैसे हॉस्पिटलच्या बिलातच जातील.

पायरी २ : रक्कम ठरवा, आणि हप्ता कोणत्या दिशेला जातोय ते ओळखा

भारतातलं सरासरी आयुर्मान १९७०-७५ मध्ये ४९.७ वर्षं होतं, २०१६-२० मध्ये ते ७० वर पोचलं. विमा कंपन्यांचे ॲक्चुअरी, म्हणजे जोखमीचं गणित मांडणारे तज्ज्ञ, मृत्युदराचे तक्ते वापरून टर्मचा हप्ता काढतात. विमेदारांच्या मृत्यूंच्या भारतीय अनुभवावर बेतलेला २०१२-१४ चा तक्ता एप्रिल २०१९ पासून लागू झाला, त्याआधी २००६-०८ चा होता. माणसं जास्त जगू लागली की टर्म स्वस्त होण्याकडे कल राहतो. कोविडनं हा कल काही काळ उलटा फिरवला. मोठी जोखीम ज्यांच्या खांद्यावर असते त्या पुनर्विमा कंपन्यांनी दर वाढवले आणि टर्मचे हप्ते चढले.

क्रिटिकल इलनेसचं गणित वेगळं. तिथे मरण पुढे ढकललं गेल्यानं कंपनीचा भार हलका होत नाही, वाढतो. पूर्वी निदान व्हायच्या आधीच माणूस जायचा, आता निदान होतं आणि तो जगतोही. म्हणजे वैद्यकशास्त्राची तीच प्रगती एका पॉलिसीचा खर्च कमी करते आणि दुसरीचा वाढवते. यातून नवख्यानं एक गोष्ट घ्यावी: क्रिटिकल इलनेस घेताना पुढच्या २०-२५ वर्षांचा हप्ता कायम राहण्याची हमी आहे का, हे विचारावं. आयुर्विमा कंपन्यांच्या काही रायडरमध्ये अशी हमी पूर्ण मुदतीसाठी असते, काहींत पहिली काही वर्षंच. सर्वसाधारण किंवा आरोग्य विमा कंपनीच्या स्वतंत्र पॉलिसीत हप्ता वयाच्या गटानुसार चढत जातो. तिशीत स्वस्त वाटलेली पॉलिसी पन्नाशीत, म्हणजे नेमकी गरज असताना, झेपेनाशी होऊन लोक सोडून देतात.

रक्कम किती? टर्मसाठी वार्षिक उत्पन्नाच्या १५ ते २० पट हा ढोबळ आकडा ठीक आहे. क्रिटिकल इलनेससाठी मी उत्पन्नापेक्षा खर्चाकडे बघायला सांगेन. घर चालवायला हप्त्यांसह महिना ६०,००० लागत असतील तर तीन वर्षांचे २१ लाख ६० हजार होतात. त्यावर मेडिक्लेममध्ये न बसणाऱ्या औषधांसाठी काही धरलं की २५ लाख हा बरा पाया.

तीन वर्षं का धरायची? कारण आजार आता लांबतात. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरवर २००१ मध्ये इमॅटिनिब आलं आणि या आजाराचे रुग्ण रोजच्या गोळीवर वर्षानुवर्षं जगू लागले. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून उभी राहिलेली नेक्सकार१९ ही कार-टी (रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बदलून कॅन्सरवर सोडण्याची) उपचारपद्धती ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्य झाली. परदेशातल्या तशाच उपचारांच्या तुलनेत ती फार स्वस्त आहे, तरी खर्च लाखांतच. उपचार नव्हता तेव्हा त्याचा खर्चही नव्हता.

पायरी ३ : व्याख्या वाचा

इथे घाई करू नका. माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि कंपनीच्या वेबसाइटवरून पूर्ण पॉलिसी वर्डिंग उतरवून घ्या. विमा नियामक आयआरडीएआयनं २२ गंभीर आजारांच्या प्रमाणित व्याख्या ठरवून दिल्या आहेत. त्यातला आजार पॉलिसीत असेल तर मूळ चौकट बहुतेक ठिकाणी तीच दिसेल. मग फरक राहतो तो यादीतल्या उरलेल्या आजारांत आणि सुरुवातीच्या टप्प्यासाठी काही दिलंय का, यात.

कॅन्सरपासून सुरुवात करू. व्याख्येचं शीर्षकच ‘ठरावीक तीव्रतेचा कॅन्सर’ असं आहे. गाठ घातक आणि आजूबाजूच्या पेशींत घुसलेली हवी, आणि त्याला बायोप्सीचा आधार हवा. जिथल्या तिथे थांबलेला, म्हणजे ‘इन सिटू’ अवस्थेतला कॅन्सर वगळलेला असतो. मॅमोग्राफीत लवकर सापडलेला स्तनाच्या दुग्धनलिकांतला असा कॅन्सर किंवा गर्भाशयमुखातले कॅन्सरपूर्व बदल यात बसत नाहीत. बाईला ऑपरेशन करावं लागेल, रेडिएशनही कदाचित, पण साध्या क्रिटिकल इलनेस पॉलिसीतून एक रुपया येणार नाही. प्रोस्टेटची सुरुवातीची गाठही बाहेर. तिथे गाठ किती आक्रमक आहे हे सांगणारा ग्लीसन स्कोअर ६ पेक्षा जास्त हवा किंवा गाठ पुढच्या टप्प्यात गेलेली हवी.

थायरॉईडचा कॅन्सर दोन सेंटिमीटरपर्यंतचा, ग्रंथीच्या आतच राहिलेला आणि इतरत्र न पसरलेला असेल, म्हणजे रिपोर्टवरचा टी-वन एन-झिरो एम-झिरो, तर तोही नाही. हा कंपन्यांचा निव्वळ कंजूषपणा वाटतो, पण त्याचं कारण दक्षिण कोरियात सापडतं. तिथे १९९९ पासून सरकारी कॅन्सर तपासणी सुरू झाली. थायरॉईड त्या यादीत नव्हता, पण दवाखाने थोड्या जादा पैशांत मानेची सोनोग्राफीही करून देऊ लागले. २०११ पर्यंत थायरॉईड कॅन्सरचं प्रमाण १९९३ च्या १५ पट झालं. त्या कॅन्सरनं होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण मात्र जिथल्या तिथे राहिलं. जन्मभर त्रास न देणाऱ्या बारीक गाठी यंत्राला दिसू लागल्या होत्या, आणि प्रत्येक गाठ म्हणजे एक क्लेम. तिथल्या विमा कंपन्यांनी पुढे थायरॉईडला कमी रकमेच्या वेगळ्या गटात टाकलं. आपल्याकडची वगळणूक त्याच विचाराची. कारण पटलं तरी ज्याच्या मानेत गाठ निघाली त्याला आणि त्याच्या घरच्यांना फक्त ‘कॅन्सर’ एवढाच शब्द ऐकू येतो. म्हणून ही ओळ पॉलिसी घेण्याआधीच वाचलेली बरी.

हृदयाकडे या. हार्ट अटॅकच्या व्याख्येत तीन गोष्टी एकत्र लागतात: छातीत दुखण्यासारखी ठळक लक्षणं, ईसीजीत नव्यानं झालेले बदल आणि ट्रोपोनिनसारख्या रक्ततपासणीत वाढ. हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २००० साली हार्ट अटॅकची व्याख्या ट्रोपोनिनभोवती नव्यानं मांडली. ही तपासणी इतकी संवेदनशील की पूर्वी ‘अंजायना’ (हृदयाला रक्त कमी पडल्यानं छातीत दुखणं) म्हणून घरी पाठवलेले पुष्कळ रुग्ण त्यानंतर हार्ट अटॅकमध्ये मोजले जाऊ लागले. विमा कंपन्यांनी त्यावर कुंपण घातलं: नुसतं ट्रोपोनिन वाढलेलं चालत नाही, अँजिओप्लास्टीनंतर वाढलेलंही चालत नाही, आणि अंजायना तर स्पष्टपणे वगळलेला. डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांनी ‘अॅक्यूट कोरोनरी सिंड्रोम’ (हार्ट अटॅक आणि गंभीर अंजायना दोन्हींना लागू पडणारं नाव) एवढंच लिहिलं असेल तर क्लेम अडतो.

बायपासच्या व्याख्येत मात्र वैद्यकशास्त्रानं पाऊल टाकल्यावर नियमानंही टाकलं. पूर्वी छातीचं हाड कापून केलेलीच बायपास धरली जाई, आता छोट्या छेदातून केलेलीही धरतात. स्टेंट टाकणं म्हणजे बायपास नव्हे. अँजिओप्लास्टी पॉलिसीत असलीच तर वेगळी नोंदलेली असते, मुख्य धमनीत किमान ५० टक्के अडथळ्याच्या अटीसह, आणि पुष्कळदा विमा रकमेचा एक भागच मिळतो. आज आपल्या शहरांत अँजिओप्लास्टी बायपासपेक्षा कितीतरी सर्रास होते, म्हणून हा भाग डोळ्यांखालून घालाच.

झडपेचा मुद्दा तर याहून टोकाचा. २००२ मध्ये फ्रान्समधल्या रुआँ शहरात डॉ. अलाँ क्रिबिए यांनी मांडीच्या रक्तवाहिनीतून नळी नेऊन पहिल्यांदा हृदयाची महाधमनीच्या तोंडाशी असलेली (एओर्टिक) झडप नव्यानं बसवली. छाती न उघडता. आता मुंबई-पुण्यातही ज्येष्ठांना ‘टावी’ या नावानं हा पर्याय सुचवला जातो. प्रमाणित व्याख्या मात्र ‘ओपन हार्ट’ शस्त्रक्रियेची आहे आणि नळीद्वारे केलेले उपाय त्यातून वगळलेले आहेत. उपचार सौम्य झाला आणि पॉलिसीच्या हिशेबात ‘गंभीर’ राहिला नाही, असा हा पेच.

पक्षाघातात मेंदूची कायमची हानी किमान तीन महिने टिकल्याचा पुरावा लागतो. साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळालं आणि माणूस सावरला, तर क्लेम नाही. त्याबद्दल वाईट वाटून घेऊ नये. हात-पाय परत आले ही त्यातली मोठी कमाई. पण महिनाभराची रजा आणि फिजिओथेरपीचा खर्च तुमच्याच बचतीतून जाईल, याची तयारी असावी.

हे सगळं वाचून झाल्यावर कंपनीला ईमेलवर विचारा: इन सिटू कॅन्सर, अँजिओप्लास्टी आणि नळीद्वारे झडप या तिन्हींना तुमच्या पॉलिसीत काय आणि किती मिळतं? फोनवरचं उत्तर पुरेसं नाही.

पायरी ४ : टप्पे, मुदती, आणि रायडर कसा जोडलाय

लवकर निदानाच्या काळात मला टप्प्याटप्प्यानं पैसे देणारी पॉलिसी जास्त पटते. सुरुवातीच्या टप्प्यात साधारण चतुर्थांश रक्कम आणि आजार पुढे गेला तर उरलेली. हप्ता थोडा जास्त पडतो. ज्यांच्या घरात स्तनाच्या किंवा आतड्याच्या कॅन्सरचा इतिहास आहे आणि जे नियमित तपासण्या करतात, त्यांनी तरी हाच प्रकार पाहावा.

वेटिंग पिरियड बहुधा ९० दिवसांचा असतो, काही कॅन्सर पॉलिस्यांत १८० दिवसांचा. त्या काळात निदान झालं तर पैसे नाहीत. सर्व्हायव्हल पिरियड म्हणजे निदानानंतर विमेदारानं इतके दिवस जगलं पाहिजे ही अट. कुठे ३० दिवस, कुठे १५ किंवा ७. हार्ट अटॅकनंतर चौथ्या दिवशी माणूस गेला तर क्रिटिकल इलनेसचे पैसे येणार नाहीत, टर्मचे येतील. दोन्ही हवेत म्हणतात ते यासाठी.

टर्मसोबतचा रायडर ‘ॲक्सिलरेटेड’ असेल तर आजाराला दिलेली रक्कम मृत्यूच्या रकमेतून वजा होते. १ कोटीच्या टर्ममधून २५ लाख आजारात मिळाले की मागे ७५ लाख उरतात. ‘अॅडिशनल’ असेल तर टर्मची रक्कम शाबूत राहते. हप्त्यात फार तफावत नसेल तर दुसराच घ्या. टॅक्सबद्दल थोडक्यात: आरोग्य रायडरच्या हप्त्याला जुन्या करपद्धतीत आरोग्य विम्याची वजावट (१९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातलं कलम ८०-डी) मिळते, नव्या करपद्धतीत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी रद्द झाला आहे, त्यामुळे जुन्या कोटेशनवर विसंबू नका.

पायरी ५ : प्रपोजल फॉर्म स्वतः भरा

एजंट भावकीतला असला, सोसायटीतला असला, तरी फॉर्म त्याला भरू देऊ नका. आरोग्याच्या प्रश्नांवर ‘नाही, नाही, नाही’ अशा खुणा करून पाच मिनिटांत फॉर्म मोकळा करायची सवय पुष्कळांना आहे. खाली सही तुमची असते.

‘शुगर बॉर्डरला आहे’ हे आपल्याकडचं आवडतं वाक्य. रक्तातल्या साखरेची एचबीए१सी तपासणी ५.७ ते ६.४ असेल तर ती मधुमेहपूर्व अवस्था, ६.५ आणि पुढे मधुमेह. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या इंडियाब अभ्यासानं देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी मधुमेहपूर्व अवस्थेतले लोक असल्याचं मांडलं. कंपन्यांना हे चांगलं माहीत आहे. मधुमेह सांगितल्यानं दार बंद होत नाही. हप्ता चढतो, कधी क्रिटिकल इलनेसचा भाग नाकारून फक्त टर्म देतात. रक्तदाबाची ‘अर्धीच गोळी’ही लिहायची, थायरॉईडची सकाळची गोळीही, सोनोग्राफीत निघालेलं फॅटी लिव्हरही. २०२५ मध्ये भारतात आलेली वजन उतरवण्याची आठवड्याची इंजेक्शनं घेत असाल तर तीसुद्धा. वजन कमी दिसतंय ते औषधामुळे, हे कंपनीच्या दृष्टीनं महत्त्वाचं आहे.

तंबाखूबद्दल तर आडपडदा नकोच. गुटखा, खैनी, मावा हे सगळं तंबाखूच. गावाकडे दातांना मिश्री लावणाऱ्या बायका स्वतःला तंबाखू खाणाऱ्यांत मोजत नाहीत; लॅबमधली कोटिनिनची (तंबाखूतल्या निकोटिनपासून शरीरात बनणाऱ्या पदार्थाची) तपासणी मोजते.

प्रगतीची दुसरी बाजूही आहे. पूर्वी ज्यांना सरळ नकार मिळायचा त्यांच्यातल्या कित्येकांना आता पॉलिसी मिळू शकते. सरकारी केंद्रांतून २००४ पासून एचआयव्हीची एआरटी, म्हणजे विषाणूला आवर घालणारी, औषधं मोफत मिळू लागली आणि नियमित उपचारांवर माणसं दीर्घायुष्य जगू लागली. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार केवळ एचआयव्ही आहे म्हणून, ॲक्चुअरी अभ्यासाचा आधार नसताना, विमा नाकारता येत नाही. हिपॅटायटिस सी आता बहुतेकांचा साधारण बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. असा आजार होऊन गेला असेल तर तो लपवण्याऐवजी उपचार संपल्यानंतरचा निगेटिव्ह रिपोर्ट फॉर्मला जोडा. तुमच्या बाजूचा सर्वांत भक्कम कागद तोच.

जनुकीय तपासणीचा प्रश्न नवा आहे आणि नाजूकही. आईला किंवा बहिणीला लहान वयात स्तनाचा कॅन्सर झाला तर डॉक्टर बीआरसीए (या कॅन्सरचा धोका वाढवणाऱ्या जनुकांतल्या बदलांची) तपासणी सुचवतात. मेडिक्लेममध्ये जनुकीय आजार सरसकट वगळता येत नाहीत, असं नियामकानं २०१९ मध्ये स्पष्ट केलं. आयुर्विम्यासाठी मात्र आपल्याकडे वेगळा कायदा नाही. अमेरिकेतला २००८ चा जनुकीय भेदभावविरोधी कायदासुद्धा आयुर्विम्याला लागू नाही, हे तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनी लक्षात ठेवावं. ब्रिटनमध्ये विमा कंपन्यांनी मान्य केलेल्या संहितेनुसार ५ लाख पौंडांवरच्या आयुर्विम्यासाठी हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजाराच्या भविष्यदर्शी तपासणीचाच निकाल विचारता येतो. आपल्यापुरता सल्ला: कुतूहलापोटी घरबसल्या थुंकीचं किट मागवणार असाल तर आधी टर्म आणि क्रिटिकल इलनेस घेऊन ठेवा. पण डॉक्टरांनी तपासणी सांगितली असेल तर विम्यासाठी एक आठवडाही लांबवू नका. आणि फॉर्ममध्ये त्याबद्दल थेट प्रश्न असेल तर खरं उत्तर द्या.

खरं लिहिण्याचा फायदा कायद्यातच आहे. विमा कायदा १९३८ च्या कलम ४५ नुसार आयुर्विमा पॉलिसीला तीन वर्षं पूर्ण झाल्यावर कोणत्याही कारणावरून आव्हान देता येत नाही. आरोग्य विम्यात सलग ६० महिन्यांनंतर माहिती लपवल्याचा मुद्दा काढता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. आधीपासूनच्या आजारांसाठी थांबण्याची कमाल मुदत २०२४ पासून ३६ महिने आहे. पण तीन वर्षं निघून जातील या हिशेबानं खोटं लिहिणारा माणूस आजाराची तारीख स्वतः ठरवू शकत नाही.

पायरी ६ : मेडिकल आणि ‘काउंटर ऑफर’

मेडिकल तपासणी मागितली तर ती टाळणारी पॉलिसी शोधत फिरू नका. तपासणी होऊन मिळालेली पॉलिसी पुढे वादात जास्त टिकते. आदल्या दिवशी कडक डाएट करून आकडे देखणे करायचा खटाटोपही नको, एचबीए१सी गेल्या दोन-तीन महिन्यांची साखर सांगतो. रिपोर्टची प्रत मागून घ्या. कंपनीनं ‘काउंटर ऑफर’ म्हणून, म्हणजे बदललेल्या अटींवर पॉलिसी देऊ करून, जादा हप्ता लावला तर त्याचं कारण लेखी विचारा. सहा महिन्यांत वजन, साखर आटोक्यात आल्यास फेरविचार होईल का, हेही विचारा. एका कंपनीनं नकार दिला तर दुसऱ्या कंपनीच्या फॉर्ममध्ये तो नकार लिहावा लागतो. म्हणून एकाच वेळी चार ठिकाणी अर्ज टाकू नका.

पायरी ७ : पॉलिसी हातात आल्यावर

पहिले ३० दिवस फ्री-लूकचे. या काळात पॉलिसी परत करता येते. त्या दिवसांत दोन गोष्टी करा. जोडलेल्या प्रपोजल फॉर्मच्या प्रतीतली प्रत्येक आरोग्यविषयक नोंद तपासा, चूक असेल तर लेखी दुरुस्ती मागा. आणि पायरी ३ मध्ये वाचलेल्या व्याख्या प्रत्यक्ष पॉलिसीत त्याच आहेत का, ते पाहा.

जुनी पॉलिसी असेल आणि नवी जास्त आजारांची दिसली तर जुनी लगेच मोडू नका. नव्यात वय वाढलेलं असतं, वेटिंग पिरियड पुन्हा सुरू होतो, मधल्या काळात लागलेल्या गोळ्या आता ‘आधीपासूनचा आजार’ ठरतात. कमतरता भरायला छोटी नवी पॉलिसी जोडणं बहुतेक वेळा बरं. वार्षिक नूतनीकरणाच्या आरोग्य पॉलिसीत कंपनी पूर्वसूचना देऊन अटी बदलू शकते, तेव्हा नूतनीकरणाचं पत्र न वाचता फेकू नका.

मेडिक्लेमकडेही एकदा नजर टाका. रोबोटिक शस्त्रक्रिया, तोंडावाटे घ्यायची केमोथेरपी, इम्युनोथेरपीची इंजेक्शनं, डोळ्याच्या आत द्यायची इंजेक्शनं अशा १२ आधुनिक उपचारांना नाकारता येत नाही, असं नियामकानं ठरवलंय. पण कंपनी त्यांवर मर्यादा घालू शकते. तुमच्या पॉलिसीत ती किती आहे, यावर क्रिटिकल इलनेसची रक्कम पुन्हा ठरेल.

पायरी ८ : क्लेमची वेळ आली तर

पॉलिसी असल्याचं घरच्यांना ठाऊक हवं, हे सांगायलाच नको. हॉस्पिटलात भरती होताना मात्र एक काळजी घ्या. रात्री दोन वाजता निवासी डॉक्टर विचारतात, ‘शुगर कधीपासून?’ घाबरलेला मेहुणा सांगतो, ‘बऱ्याच वर्षांपासून.’ केसपेपरवर ‘दहा वर्षांपासून’ असं येतं. निदान खरं तर वर्षापूर्वीचं, पॉलिसी दोन वर्षांपूर्वीची. पुढे हेच केसपेपर कंपनी मागवते. तारीख माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणावं, आणि पहिल्या निदानाचा रिपोर्ट घरच्या फाइलमध्ये वरच ठेवावा. चूक नोंदली गेली असेल तर डिस्चार्जआधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून ती लेखी दुरुस्त करून घ्यावी.

कॅन्सरच्या क्लेमसाठी बायोप्सीचा संपूर्ण रिपोर्ट हवा. गाठीचा टप्पा त्यात नसेल तर ऑपरेशननंतरच्या रिपोर्टवर येतो, तोही जोडा. पहिल्या बायोप्सीत ‘इन सिटू’ आणि ऑपरेशननंतरच्या तपासणीत घुसखोरी दिसली, असं घडतं. दुसऱ्या रिपोर्टवर क्लेम पुन्हा दाखल करता येतो. हार्ट अटॅकसाठी भरतीच्या दिवसाचे ईसीजी आणि ट्रोपोनिनचे रिपोर्ट वेगळे मागून घ्या, नुसतं डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. पक्षाघातासाठी तीन महिन्यांनंतर न्यूरॉलॉजिस्टची तपासणी करून हानीची नोंद घ्यावी लागते. तोवर क्लेमची सूचना मात्र देऊन ठेवा.

नकार आला तर तो कोणत्या व्याख्येतल्या कोणत्या ओळीवर आहे, ते लेखी मागा. मग ती ओळ आणि तुमचा रिपोर्ट तज्ज्ञ डॉक्टरांसमोर ठेवा, व्याख्या पूर्ण होत असेल तर तसं स्पष्ट लिहिलेलं प्रमाणपत्र घ्या आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करा. आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवरही नोंद करा. महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालांकडे जाता येतं. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे कार्यालयं आहेत. कंपनीच्या अंतिम नकारापासून वर्षभरात अर्ज करायचा, फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. तो पटला नाही तर ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा राहतो.